व्हॅम्पायरला वेताळ म्हणायचं का? परदेशी भुतांना मराठी नावं

शनिवार पेठ :
लहान मुलांसाठी जगभरातल्या लोककथा मराठीत करायला घेतल्यात आणि दर दुसऱ्या पानावर अडतंय. आयरिश बान्शी म्हणजे हडळ, व्हॅम्पायर म्हणजे वेताळ आणि पाण्यातला जपानी कप्पा म्हणजे जलराक्षस असं सर्रास लिहिलेलं दिसतं, मला ते पटत नाहीये. तुम्ही काय लिहाल?

टेकडीवाला :
वेताळ तर अजिबात नको. ही सोयरीक साहेबाने जुळवली, रिचर्ड बर्टनने १८७० साली विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत काढल्या आणि वेताळाचा सरळ व्हॅम्पायर करून टाकला, आता आपण तेच उलटं फिरवून घरी आणतोय. गोष्टीतला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला लटकतो, कोडी घालून राजाचं डोकं खातो, पण रक्त पिणं हा काय त्याचा धंदा नाही. आणि गावोगावी तर तो देव आहे, शेंदूर फासलेला दगड, भुतांचा राजा, अमावस्येला त्याची पालखी निघते म्हणतात. आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणारे लोक देवळापाशी हात जोडूनच पुढे जातात, गुरुवार पेठेचं जुनं नावही वेताळ पेठच. त्याला रक्तपिपासूंच्या पंगतीला कशाला बसवायचं? व्हॅम्पायरच राहू द्या.

कोकणातून कोथरूडला :
मी एकच बघते, हे भूत आधी माणूस होतं का? आपल्याकडची बरीचशी भुतं म्हणजे कुणीतरी मेलेलं असतं आणि कसं मेलं ते नावावरूनच कळतं. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंजीच्या आत गेलेला ब्राह्मणाचा मुलगा, पिंपळावर बसणारा. अळवंतीण बाळंतपणात गेलेली. समंध म्हणजे मागे वारस नाही किंवा पैशात जीव अडकलेला. त्यामुळे एखाद्या जर्मन पोराच्या भुताला मुंजा म्हटलं की आपण बसल्या जागी त्याची मुंज लावून मोकळे.
बान्शीला हडळ करणं तर अन्यायच आहे. आयरिशमध्ये त्या शब्दाचा अर्थ टेकाडावरची बाई, म्हणजे टेकाडाखाली राहणाऱ्या अद्भुत लोकांपैकी एक. घराण्यात कुणी जायचं असलं की आधी आक्रोश करते, बस, मारत कुणालाच नाही. आपली हडळ झपाटते, मानगुटीला बसते.

नदीकाठ :
ग्रीक कथांतल्या निम्फना, म्हणजे नद्या-झऱ्यांच्या तरुण देवतांना, जलपरी लिहू नका प्लीज, डोळ्यापुढे शेपटीवालीच येते. आसरा घ्या ना, इतका चांगला शब्द. अप्सरेवरूनच आलाय. विहिरीच्या काठाला नाहीतर नदीच्या डोहाशी सात दगड मांडलेले असतात, हळदकुंकू वाहिलेलं, वर हिरवा खण, त्या साती आसरा. शिवाय काही भागात आसरा म्हणजे पाण्यात जीव दिलेल्या बायका असंही मानतात, म्हणजे रशियन रुसाल्काला पण हाच शब्द चालेल, तिच्याबद्दलही बुडालेल्या मुलींचंच सांगतात.

शनिवार पेठ :
आसरा पक्कं! मग कप्पाला गिऱ्हा?

कोकणातून कोथरूडला :
जवळचा आहे, दोघं पाण्यात ओढतात, पण गिऱ्हा हा बुडून मेलेला माणूस आणि कप्पा जातीचाच तसा. कप्पाच्या डोक्यावर वाटीसारखा खळगा असतो, त्यात पाणी, आपण वाकून नमस्कार केला की तोही जपानी शिष्टाचाराला जागून वाकतो, पाणी सांडतं आणि शक्ती खलास. वर काकडीचा एवढा शौकीन की काकडीच्या सुशीला कप्पामाकीच म्हणतात. हे सगळं गिऱ्ह्याच्या गळ्यात कसं मारणार? कप्पाच ठेवा, पोरांना कार्टूनमधली जपानी नावं आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात.

टेकडीवाला :
जिन्न पण तसाच ठेवा, खवीस करू नका. खवीसही मूळचा अरबी खबीस, पण त्याचा अर्थच दुष्ट, आणि जिन्न भलेबुरे दोन्ही असतात.

शनिवार पेठ :
शेवटचं, रशियन गोष्टींतली बाबा यागा. चेटकीण?

नदीकाठ :
नको, ती कधी पोरांना खायला बघते तर कधी मदतही करते, आणि चेटकीण ठरवून आपल्याकडे जिवंत बायकांचे हाल केलेत लोकांनी. रानातली म्हातारी म्हणा. कोंबडीच्या पायांवर उभी झोपडी आहे तशी येऊ द्या, ती उखळात बसून मुसळाने रेटत उडते तेही मराठीत झकास बसतं. फक्त उखळाचं चित्र काढायला सांगा, आमच्या सोसायटीतल्या पोरांनी मिक्सरच पाहिलाय.