मदत हवी आहे: ग्लियातलं पीरियड बंद केलं, तरी लय जागच्या जागी!

तिसरं_सेमिस्टर
लोकहो, तातडीने मदत हवी आहे. एमएस्सीचा प्रकल्प, सोमवारी मॅडमना विदा दाखवायचाय. ग्लियात (मेंदूतल्या न्यूरॉन नसलेल्या आधारपेशींत) पीरियड या घड्याळाच्या जनुकाचा नॉकडाउन केला, म्हणजे त्याचं काम उतरवलं. वागणुकीची रोजची लय मोडायला हवी होती, नाही मोडली. सतत अंधारात ठेवलं तरी आवर्तन चोवीस तासांच्या आसपास, कंट्रोलसारखंच (तुलनेच्या गटासारखंच). ब्रांकाचिओचा सायन्समधला २०१९चा पेपर तर म्हणतो की ॲस्ट्रोसाइटमधलं (हा ग्लियाचाच एक प्रकार) घड्याळ एकटं वागणुकीची लय चालवू शकतं. मग माझ्याकडेच काय बिघडलंय? मॅडम म्हणाल्या, परत करून बघ. केलं, तेच आलं. कृपया "पेपर नीट वाचा" असले सल्ले नकोत, वाचलाय.

अटलांटिकपार
वाचला असेल, पण त्यातला प्रयोग तुमच्या बरोबर उलटा आहे. त्यांनी क्राय१ आणि क्राय२ ही घड्याळाची दोन्ही जनुकं नसलेले उंदीर घेतले, म्हणजे कुठल्याच पेशीत घड्याळ नाही. मग मेंदूतल्या मुख्य घड्याळात, म्हणजे एससीएनमध्ये, फक्त ॲस्ट्रोसाइटना विषाणूमार्फत क्राय१ परत दिलं आणि उंदरांची लय परत आली. त्यातून ते घड्याळ पुरेसं आहे एवढं कळतं. आवश्यक आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि तुम्ही तो विचारताय. तो उंदरात हर्झोगच्या लॅबने विचारला होता, २०१७मध्ये. ॲस्ट्रोसाइटमधून बीमॅल१ हे घड्याळाचं जनुक काढलं तर लय मोडली नाही, आवर्तन सुमारे तासाभराने लांबलं. तेव्हा "आसपास" म्हणू नका, आकडा द्या. क्रे (ठराविक पेशींतलंच जनुक काढायचं साधन) कोणता वापरला? जीएफएपी-क्रे असेल तर न्यूरॉनमध्येही गळतो, एल्डएच१एल१ घ्या. पळायच्या चाकावर किती दिवस ठेवले?

माईंचा_बटवा
मुला, झोपेची लय बिघडली की आधी पोट बघावं. रात्री कोमट दुधात चिमूटभर जायफळ उगाळून घे. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आठ दिवसांत फरक पडेल.

तिसरं_सेमिस्टर
@माईंचा_बटवा आजी, माझी झोप नाही बिघडली. म्हणजे बिघडलीय, पण प्रश्न तो नाही.
@अटलांटिकपार कसलं चाक? क्रे नाही हो, गॅल४. रेपो-गॅल४, ग्लियात जनुकं चालू करणारं साधन.

अटलांटिकपार
रेपो? म्हणजे माश्या?? हे आधी सांगायचं ना! एवढं टंकलं ते वाया.

तिसरं_सेमिस्टर
अर्थात माश्या. एमएस्सीच्या पोराला उंदीर कोण देणार? पीरियडचा नॉकडाउन म्हटलं की ड्रोसोफिलाच (फळमाशी) डोळ्यांसमोर येतो, निदान आमच्याकडे तरी.

केळ्याचा_वास
आता बोलता येईल. मी स्वतः माश्यांच्या लॅबमध्ये आहे. काही गोष्टी सांगा: आरएनएआयबरोबर (जनुक उतरवायचं साधन) तिचा जोर वाढवणारं डायसर-२ होतं का? माश्या किती अंशांवर वाढवल्या? नॉकडाउन झालाय हे मेंदू रंगवून पाहिलं की गृहीत धरलं? आणि इनक्युबेटरच्या आत एखादा लुकलुकणारा दिवा नाही ना? माशीला लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, पण हिरव्यानिळ्या ठिपक्याने "सतत अंधार" कागदावरच राहतो. आमच्याकडे एका मॉनिटरच्या दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली आहे, ती कुणी काढली की आरडाओरडा होतो.

पळसाला_पाने_तीन
पीरियड म्हणजे नोबेलवालं जनुक ना? २०१७, हॉल, रॉसबॅश आणि यंग. पण पाया कुणी घातला? रॉन कोनोप्का आणि सेमूर बेन्झर, १९७१! तीन उत्परिवर्ती माश्या: एकीचा दिवस १९ तासांचा, एकीचा २८चा आणि एकीला लयच नाही. आणि तिन्ही दोष एकाच जनुकात. नोबेल आलं तेव्हा दोघेही हयात नव्हते. यावर कुणी बोलत नाही.

अर्धवटराव
बोलतात हो, दर ऑक्टोबरला बोलतात. नोबेल मरणोत्तर देत नाहीत, त्याला कुणी काय करावं? आपल्याकडे टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दीकींनी माश्यांवरचं काम रुजवलं, ते तरी किती जणांना ठाऊक आहे?

मूळ प्रश्नाबद्दल: मेंदूत ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात. एवढ्या सगळ्यांत नॉकडाउन पोचणारच नाही. उत्तर सोपं आहे.

अटलांटिकपार
दहापट हे जुन्या पाठ्यपुस्तकांतलं. २००९च्या मोजणीत माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन निघाले आणि इतर सगळ्या पेशी मिळून जवळपास तेवढ्याच. माशीत तर ग्लिया दहा टक्क्यांच्या आसपास. आणि रेपो-गॅल४ जवळपास सगळ्याच ग्लियात चालतो. उत्तर सोपं नाही.

अर्धवटराव
बरं. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

तिसरं_सेमिस्टर
@केळ्याचा_वास २५ अंश. डायसर नव्हतं. मेंदू रंगवला नाही, प्रतिपिंड मागवायला पैसे नाहीत. कंट्रोल दोन्ही घेतले, नुसतं रेपो-गॅल४ आणि नुसतं यूएएस (गॅल४ नसताना आरएनएआयचा भाग). दिवा सोमवारच्या आत बघतो.

केळ्याचा_वास
ते दोन्ही ऋण कंट्रोल झाले. धन कंट्रोल कुठाय? हीच आरएनएआय टिम-गॅल४ने सगळ्या घड्याळपेशींत चालवा. लय मोडली किंवा आवर्तन लांबलं तर आरएनएआय काम करते. तिथेही सगळं सुरळीत चाललं तर तुमच्या ग्लियाच्या निकालाला काही अर्थ नाही, आरएनएआयच कुचकामी आहे. एवढ्यावर प्रकल्पाचा फैसला होतो आणि प्रतिपिंडही लागत नाही. दोन्ही क्रॉसमध्ये (संकरांत) डायसर-२ घाला. रंगवायची वेळ आलीच तर दिवे लागण्याच्या तासाभर आधी मेंदू काढा, तेव्हा पीरियड प्रथिन केंद्रकात भरपूर असतं. दुपारी काढलेत तर कंट्रोलमध्येही काही दिसणार नाही आणि तुम्ही उगाच खूश व्हाल.

आणि समजा आरएनएआय उत्तम निघाली, तरी निकाल हाच येईल असा माझा अंदाज. रॉब जॅक्सनच्या लॅबने २०११मध्ये हे केलंय. ग्लियातलं पीरियड उतरवलं तरी चालण्याफिरण्याची लय शाबूत राहिली. मात्र प्रौढ माशीच्या ग्लियातली कॅल्शियमची व्यवस्था किंवा पुटिकांची (रसायनं वाहणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांची) ने-आण बिघडवली की लय गेली. म्हणजे माशीला ग्लिया हवा, त्यातलं घड्याळ नसलं तरी भागतं. तुमचं काही बिघडलेलं नसेलही.

अटलांटिकपार
इतकं ठामपणे नको. १९९२चं रॉसबॅश-हॉलच्या लॅबचं मोझॅइक माश्यांवरचं (काही पेशींतच जनुक चालू असलेल्या) काम आहे. ज्यांच्यात पीरियड फक्त ग्लियात दिसत होतं अशा काहींना लय होती.

केळ्याचा_वास
होती, पण दुबळी. आणि वर तुम्हीच समजावलंत की पुरेसं आणि आवश्यक या दोन गोष्टी वेगळ्या. मग माशीला तो नियम का नाही?

अटलांटिकपार
नियम आहेच. मी फक्त म्हणतोय की एका चाचणीवरून ग्लियाच्या घड्याळाला निकामी ठरवू नका. उंदराच्या एससीएनमध्ये न्यूरॉन दिवसा जागे आणि ॲस्ट्रोसाइट रात्री. रात्री ते बाहेर ग्लुटामेट वाढवतात आणि त्यातून न्यूरॉन दाबले जातात. इतकी मांडणी असलेली यंत्रणा माशीत अगदीच नसेल?

केळ्याचा_वास
असेल, पण वेगळ्या वाटेने. एबनी हे जनुक घ्या. जेनेटिक्सच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी त्या काळ्या माश्या मोजल्यात. एबनीचं एन्झाइम मेंदूत ग्लियात असतं, डोपामिन आणि हिस्टामिनला बीटा-ॲलनिन जोडतं. एबनी उत्परिवर्ती माश्यांची चालण्याची लय मोडते, पण घड्याळाच्या न्यूरॉनमध्ये पीरियडची चढउतार व्यवस्थित चालू असते. जनुक फक्त ग्लियात परत दिलं की लयही परत येते. म्हणजे घड्याळ ठीक, त्याचा निरोप पायांपर्यंत पोचत नाही. जॅक्सनचंच काम, २००७.

रातराणी_वॉर्ड
अवांतर: मी नर्स आहे, महिन्यातून दोन आठवडे नाइट असते. सकाळी घरी आल्यावर डोळे टक्क उघडे. हे ग्लियामुळे का? काही गोळी आहे का?

केळ्याचा_वास
ताई, आधी घरी येतानाचं ऊन टाळा, गॉगल लावा. डोळ्यांतून गेलेला सकाळचा प्रकाशच एससीएनला "दिवस झाला" सांगतो. गोळीचं मात्र डॉक्टरांनाच विचारा. वेगळा धागा काढलात तर तिथे लिहितो.

माईंचा_बटवा
जायफळ.

तिसरं_सेमिस्टर
शेजारच्या लॅबमध्ये टिम-गॅल४ आहे, डायसर-२सकट. एक बाटली मिळाली. कुमारी माश्या आज रात्रीपासून जमवतो. पण सोमवारी मॅडमना काय दाखवू? क्रॉस तोवर कोषातही जाणार नाहीत.

केळ्याचा_वास
आहे तो विदा नीट मांडा. प्रत्येक जनुकप्रकारात किती माश्या शेवटपर्यंत जगल्या, त्यातल्या किती टक्के लयबद्ध, आवर्तन किती, लयीचा जोर किती. सरासरी ॲक्टोग्राम (हालचालीचा आलेख) एकच न दाखवता चारपाच एकेकट्या माश्यांचेही दाखवा. शेवटच्या स्लाइडवर टिम-गॅल४चा क्रॉस आणि २०११चा तो पेपर. मॅडम रागावल्या तर पेपर पुढे करा.

तिसरं_सेमिस्टर
त्या पेपरमध्ये रागावलेल्या मॅडमसाठी काही आहे का? असो. तापमान २९ केलं तर आरएनएआयचा जोर वाढेल ना?

केळ्याचा_वास
वाढेल, पण मग सगळे कंट्रोलही २९वरच.