टीन आयडल्सचा जेमतेम वर्षभराचा संसार

वर्षभरात मोडलेला बँड मागे काय ठेवणार, हे मला पटत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स या पंक रॉक बँडचंच बघा. विशीही न गाठलेली पोरं. १९७९ साली सुरुवात, १९८०च्या अखेरीस संपलंही. पण कार्यक्रमांचे पैसे त्यांनी वाटून न घेता साठवले होते. त्यातून आठ गाण्यांची तबकडी काढली, आणि ती काढायला डिस्कॉर्ड ही कंपनीच सुरू केली! वेष्टनं हातानं कापून चिकटवलेली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या क्लबात, वयानं लहान म्हणून त्यांना दारू देऊ नये, यासाठी त्यांच्या हातावर काळी फुली मारली होती. लहान पोरांनाही कार्यक्रमांना आत सोडावं म्हणून ती युक्ती त्यांनी आपल्या शहरात नेली. पुढे नशेपासून लांब राहणाऱ्या पोरांनी तीच फुली अभिमानानं मिरवली. आणि डिस्कॉर्ड आजही चालू आहे.