परळमध्ये चौघांत मिळून एक कॉन्फोकल मायक्रोस्कोप: घ्यावा की नको?

स्लाइडवाली: आमच्याकडे तीन डिपार्टमेंट आणि शेजारच्या संस्थेतली एक लॅब असं चौघांनी मिळून एक भारीतला कॉन्फोकल (लेसरने पेशीचा एकेक थर टिपणारा मायक्रोस्कोप), जमलं तर सुपर-रिझोल्यूशनवाला, घ्यायचं घाटतंय, ग्रँटचा अर्ज लिहायला घेतलाय. माझं मत, घ्याच. साधा प्रकाशाचा मायक्रोस्कोप साधारण २०० नॅनोमीटरला अडकतो, त्याहून जवळचे दोन ठिपके एकच दिसतात. ही हद्द सुपर-रिझोल्यूशनने ओलांडली म्हणून २०१४ चं केमिस्ट्रीचं नोबेल बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना मिळालं. आम्ही अजून हद्दीच्या अलीकडेच.

बिलं_पास_करणारा: माझा विरोध. शहरात मशीन नाही असं थोडंच आहे? खारघरला ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्या कॅन्सर संशोधन केंद्रात आहे, पवईला आयआयटीत आहे, पैसे भरा, स्लॉट घ्या. २०२० पासून आय-स्टेम हे दुसऱ्या संस्थांची मशीनं वापरायला मिळवून देणारं सरकारी पोर्टल कशासाठी आहे मग? मशीन घ्यायला ग्रँट मिळते हो, पण वॉरंटी संपल्यावर एएमसी (दर वर्षीच्या देखभालीचे पैसे) कोण भरणार म्हटलं की चार विभागप्रमुख चार दिशांना बघतात. एके ठिकाणी लेसर गेला म्हणून मशीन दीड वर्ष झाकून ठेवलेलं पाहिलंय मी, फक्त दसऱ्याला हार घालायला कव्हर काढायचे.

पीएचडी_वर्ष_पाचवं: सर, फिक्स केलेल्या, म्हणजे मेलेल्या पेशींच्या स्लाइड्स मी डब्यात घालून नेतेच की. जिवंत पेशींचं काय? त्यांना ३७ डिग्री आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो, तो कुर्ल्याला जिना चढून हार्बर पकडताना कुठून आणू? एकदा नेल्या होत्या, पोचेपर्यंत अर्ध्या पेशी प्लेटवरून सुटून तरंगत होत्या, स्लॉटचे पैसे गेले ते गेलेच. आणि माझं काम म्हणजे बीसीजीचा (टीबीच्या लशीतला) जंतू मॅक्रोफेजने (जंतू खाणाऱ्या पेशीने) गिळल्यावर लायसोसोमच्या (पेशीतल्या पचवणाऱ्या पिशवीच्या) तावडीतून कसा सुटतो ते रात्रभर दर पाच मिनिटांनी फोटो काढत बघायचं (खऱ्या टीबीच्या जंतूला बीएसएल-३, म्हणजे कडक सुरक्षेची बंदिस्त लॅब लागते, त्याचं रडगाणं वेगळं). हे परगावच्या पाहुणीसारखं दोन तासांच्या स्लॉटमध्ये होत नाही.

बिलं_पास_करणारा: टीबीचा जंतू २ ते ४ मायक्रॉन लांब असतो, साध्या एलईडी फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर लख्ख दिसतो. ओपीडीतल्या पेशंटला तेवढंच कामाचं.

स्लाइडवाली: निदानाला पुरतो, मान्य. पण जंतू दिसतो आणि तो आत काय करतो हे दिसतं, यात फरक आहे ना. औषध शोधायचं तर दुसरंच लागतं.

लॅबमध्ये_२२_वर्षं: तुम्ही दोघं मशीनवरून भांडताय, माणसाचं कोणीच बोलत नाही. चौघांचं मशीन म्हणजे चौघांचेही विद्यार्थी हात लावणार. चित्र अंधुक आलं की लेसर वाढवतात, रंग जळून जातो, मग म्हणतात रंग लावणारी अँटिबॉडी खराब. ऑइल लेन्सचं तेल पुसत नाहीत. शनिवारी कोणीतरी वीज वाचवायला एसी बंद करतं आणि जुलैच्या दमटपणात लेन्सला बुरशी धरते. ग्रँटमधून ऑपरेटर घेतला तर प्रोजेक्टपुरता, नीट शिकून तयार झाला की पगार बंद, तो जातो कंपनीत. पर्मनंट पोस्ट मंजूर होणार असेल तर घ्या, नाहीतर ताईंचं चुकतंय.

पीएचडी_वर्ष_पाचवं: हे शंभर टक्के खरंय 😐 आणि डेटा? एका रात्रीच्या फाइल्स माझ्या लॅपटॉपात मावत नाहीत, सर्व्हरचे पैसे अर्जात धरलेत का?

स्लाइडवाली: नाही धरले, आता धरते. ऑपरेटरचा पगार चौघांनी तासांच्या प्रमाणात वाटून द्यायचा असं लेखी घेणार, पोस्टची वाट बघत बसलो तर मी रिटायर होईन. बिलंवाल्यांना अजूनही नकोच असेल ना?

बिलं_पास_करणारा: लेखी असेल, आणि वॉरंटीनंतरची पाच वर्षं आधीच किमतीत बांधून घेतलीत, तर फाइल अडवणार नाही. आवडलं मात्र नाहीच. ठेवणार कुठे? बाजूला टॉवरचं पायलिंग चालू आहे, हादऱ्यांनी चित्र हलेल.

स्लाइडवाली: म्हणून तळमजल्यावरची जुनी स्टोअररूम मागितलीय.

लॅबमध्ये_२२_वर्षं: तळमजला?? अहो ताई, पावसात तुंबणारं हिंदमाता पाच मिनिटांवर आहे. त्या स्टोअररूममध्ये मी गुडघाभर पाण्यातून फ्रिज उचललाय. पहिल्या मजल्यावर घ्या आणि हादरे शोषणारं टेबल अर्जात लिहा.