ड्यूई बाल्फा: फिडलवाला की बसवाला?

निषाद_कोमल
भाच्याने ह्यूस्टनहून एक जुनं रेकॉर्डिंग पाठवलंय. 'बाल्फा ब्रदर्स', अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचं केजन संगीत. दोन फिडलं (म्हणजे व्हायोलिनच) आहेत. एक चाल वाजवतंय, दुसरं खालच्या तारांवर नुसतं घुमतंय, आणि मध्येच कुणीतरी गळा फाडून फ्रेंचमध्ये गातंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, बिचाऱ्याचं घर पेटलंय. तिसऱ्यांदा लावलं आणि मग सुटेना. लेक व्हायोलिन शिकते, ती म्हणाली, "आई, ह्यांनी तारा उतरवून लावल्यात."
शोधलं तर ड्यूई बाल्फा एके ठिकाणी थोर लोकसंगीतकार आणि दुसरीकडे शाळेच्या बसचा ड्रायव्हर. एकच माणूस की दोन? आणि केजन म्हणजे ती वर बसून बडवायची लाकडी पेटी ना?

नंदू_तबला
ती पेटी 'काहोन', पेरूमधली. काही संबंध नाही. बाकीचं बायूकाठचे काका सांगतील. ते तिकडे राहून आलेत, आणि विषय निघाला की आवरत नाहीत.

बायूकाठचा
नंद्या, आभारी आहे.

ताई, माणूस एकच. आणि ती बस विसरायची नाही.

मी 1994 ते 2001 लुइझियानातल्या लाफायेत शहरात होतो, तेलविहिरींच्या कामावर. ड्यूई 1992 मध्येच गेला होता, त्यामुळे गाठ पडली नाही. पण शनिवारी सकाळी युनिस गावाबाहेर मार्क साव्वाच्या दुकानात जायचो. हा गृहस्थ अकॉर्डियन बनवतो. शनिवारी दुकानातच मैफल. कुणी फिडल आणतं, कुणी बूदँ आणतं (भात-मसाला भरलेलं सॉसेज, आपल्या वऱ्याच्या भाताला हिणवणाऱ्यांनी एकदा खाऊन बघावं). वाजवता येत नसलं तरी चालतं, मी त्यातला. तिथे ड्यूईचं नाव निघाल्याशिवाय दुपार होत नसे.

केजन म्हणजे मूळचे अकादियन. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातले फ्रेंच शेतकरी. 1755 पासून इंग्रजांनी त्यांना जहाजात कोंबून हाकललं, त्यातले बरेचसे फिरत फिरत लुइझियानाच्या पाणथळीत येऊन टेकले. ड्यूई त्यांच्यातला, 1927 चा जन्म, मामू गावाजवळ. बाप बटईने शेती करायचा आणि फिडल वाजवायचा. थोरला भाऊ विलही वाजवायचा. तुम्ही म्हणता ते घुमणारं दुसरं फिडल विलचं. गिटार आणि बरंचसं गाणं धाकट्या रॉडनीचं. गळा फाडण्याचं कारण साधं आहे: नाच घरातच व्हायचे. खोलीतलं सामान बाहेर काढायचं, पोरं आतल्या खोलीत निजवायची आणि माईकशिवाय शंभर पायांच्या वर आवाज चढवायचा. ह्या नाचालाच 'फे दो दो' म्हणतात, म्हणजे 'गाई गाई कर बाळा'.

आता पोटापाण्याचं. ड्यूईने शेती केली, विमा विकला, बसील गावात फर्निचरचं दुकान चालवलं, शाळेची बस चालवली. ज्याच्याबरोबर तो खूप वाजवायचा तो नेथन अबशायर तर अकॉर्डियनचा बादशहा, आणि नोकरी गावाच्या कचरा डेपोवर. वाजवून घर चालेल असं तिकडे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

1964 ला केजन वादकांना न्यूपोर्टच्या (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या) लोकसंगीत महोत्सवाचं बोलावणं आलं. ड्यूई ऐनवेळी बदली म्हणून गेला, तोही गिटारवर! निघण्याआधी तिथल्याच ओपेलूसास गावच्या वर्तमानपत्राने टर उडवली की ही 'चँक-अ-चँक' (केजन संगीताला हिणवायचं नाव) बाहेर नेऊन आपली शोभा कशाला करून घेता. तिथे गेले तर समोर सतरा हजार माणसं. ड्यूई पुढे सांगायचा की त्याआधी एका जागी दोनशे माणसं तरी पाहिली होती की नाही शंका आहे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

ती दाद घरी न्यायची, हे त्याने तिथेच ठरवलं. परत आला आणि व्हील प्लाट गावच्या रेकॉर्ड कंपनीवाल्या फ्लॉइड स्वालोकडे गेला, भावांची रेकॉर्ड काढ म्हणून. स्वालो आधी तयार नव्हता. कोण घेणार? शेवटी काढली. तुमच्या भाच्याने बहुतेक तीच पाठवलीय.

मला त्याची मोठी कामगिरी वाटते ती शाळांतली. 1921 च्या राज्यघटनेने तिथल्या शाळांतून फ्रेंच हद्दपार केलं होतं. आवारात फ्रेंच बोललं की शिक्षा, 'पुन्हा बोलणार नाही' असं पानभर लिहायचं. (मलाही एका शाळेत मराठी बोलल्याबद्दल चार आणे दंड झालाय, त्यामुळे हे ऐकताना मान खाली गेली.) त्या पोरांचीच पोरं ड्यूईच्या बसमध्ये बसायची. पुढे तोच माणूस फिडल घेऊन वर्गावर्गात गेला, घरात आजोबा वाजवतात ते लाजायचं नाही म्हणून सांगायला. आमची संस्कृती दुसऱ्यापेक्षा मोठी नाही, पण दुय्यम म्हटलेलं चालणार नाही, हे त्याचं म्हणणं.

1974 ला लाफायेतला ह्या संगीताचा मोठा जलसा झाला, भर पावसात हजारो माणसं. आजही तो उत्सव होतो. 1982 ला ड्यूईला राष्ट्रीय वारसा फेलोशिप (अमेरिकन सरकारचा लोककलाकारांसाठीचा मोठा सन्मान) मिळाली. पण मधल्या काळात 1979 मध्ये विल आणि रॉडनी एकाच मोटार अपघातात गेले. पुढच्या वर्षी बायको हिल्डा गेली. त्यानंतरची रेकॉर्डिंग ऐका. फिडल तेच, पण खालची घूम दुसऱ्या कुणाची तरी. मला ती लगेच कळते, आणि मी फार ऐकत नाही.

पेटीवाली_सुमा
काका, अकॉर्डियन म्हणजे आमच्या पेटीचाच भाऊ ना? मग पेटीवाल्याला जमेल?

बायूकाठचा
सुमाताई, दोन्हींत हवेने कापणाऱ्या धातूच्या पत्त्याच वाजतात, पण भाऊ जरा आडमुठा आहे. केजन अकॉर्डियनला दहाच बटणं. भाता दाबला की एक सूर, ओढला की त्याच बटणाचा दुसरा, माउथऑर्गनसारखं. काळ्या पट्ट्या नाहीतच. ह्या पेट्या बहुतेक सी स्वराच्या असतात, म्हणून फिडलवाले तारा एक सूर उतरवतात. निषादताई, लेकीचा कान बरोबर आहे.

निषाद_कोमल
तिला दाखवलं. आता म्हणते, चाल तू गुणगुण, मी विलचं वाजवते. खालच्या दोन तारा एकदम ओढायच्या, एवढंच ना?

बायूकाठचा
एवढंच, पण ठेका गजाने धरायचा, बोटांनी नाही. आणि चालवाल्याच्या पुढे जायचं नाही. विल बाल्फा कधी गेला नाही. तुम्ही गुणगुणताना घाई करू नका म्हणजे झालं.