पुरातून वाचलेल्या डीटीपी फायली, मेलेला डोंगल आणि "फक्त लावून द्या"

अक्षरजुळणी_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत गणपती पेठेजवळच्या एका बोळात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवून देण्याचं दुकान आहे. वय ५६. वडिलांचा ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचा छापखाना होता. शाळा सुटली की दप्तर टाकून खिळे (शिशाची उलटी अक्षरं) जुळवायला बसायचो, त्यामुळे मराठी मी आधी उलटी वाचायला शिकलो. १९९६ साली पतसंस्थेचं कर्ज काढून पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा वडील म्हणाले, "खिळे मोडीत काढले तर शिशाचे वजनावर पैसे तरी येतात. ह्या डब्याचे काय येणार?" त्या डब्याचे गेल्या वर्षी भंगारवाल्याने दीडशे रुपये दिले. असो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं. तीन मशिनं, प्रिंटर, कागदाची रिमं, सगळं गेलं. माळ्यावरच्या बुटाच्या खोक्यातल्या सीडी तेवढ्या वाचल्या. त्यात दोनशेच्या वर पुस्तकं आहेत, सगळी पेजमेकर ६.५ आणि ७ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली. फॉन्ट ज्या मराठी सॉफ्टवेअरचे होते ते डोंगलवर चालायचं (कॉम्प्युटरला मागून लावायची चावी, ती नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही), आणि डोंगल चिखलात सापडला तो गंजूनच. कंपनीला फोन केला. "ती आवृत्ती बंद झाली, नवीन घ्या" एवढंच उत्तर. फॉन्टच्या फायली एका पेनड्राइव्हवर मिळाल्या म्हणून जुन्या मशिनवर पानं दिसतात. पण एक काना बदलता येत नाही, आणि मजकूर कॉपी करून वर्डमध्ये टाकला की रोमन अक्षरं, डॉलर आणि कंसांची खिचडी होते.

आता त्यातल्या एका कादंबरीच्या लेखकाची मुलगी आली आहे. पुस्तक १९९९ चं, लेखक वारले. तिला ई-बुक करायचंय. प्रकाशकांना विचारलं तर म्हणाले, "फाइल आमची, परस्पर द्यायची नाही." मुलगी म्हणते पुस्तक बाबांचं. आणि सीडी माझ्या खोक्यात.

दुसरी गोष्ट. एक निवृत्त गुरुजी आठवणींचं पुस्तक घेऊन आले. सगळं मोबाइलवर बोलून टाइप केलेलं, वर नातवाने कुठल्याशा एआयकडून "शुद्ध" करून घेतलेलं. १८४ पानं. म्हणाले, "टायपिंग झालंय, फक्त लावून द्या. पानाला पंधरा रुपये घ्या." माझा दर टायपिंग आणि दोन प्रुफांसकट डेमी (नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराच्या) पानाला ६० आहे. पंधरा मान्य केले, म्हटलं नुसतं ओतायचंय. दोन संध्याकाळी मिळून अकरा पानं झाली. "थोरल्या आईनं हाळी दिली" याचं "थोरल्या आईनं होळी दिली" झालंय. "उसाचं पाचट पेटवलं" याचं "उसाचं पाचशे पेटवलं". "खळ्यावर निजायचो" याचं "खेळावर निजायचो". पूर्णविराम मात्र एकदम जागच्या जागी.

हे दुरुस्त करायचे पैसे मागायचे कसे? आणि त्या दोनशे पुस्तकांचं काय करायचं?

रफार (नागपूर)

दादा, डोंगलचा नाद सोडा. त्या फॉन्टमध्ये आता नवीन काही टाइप करायचंच नाहीये.

पहिलं काम आजच करा. जुनं मशिन चालतंय तोवर प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ काढा, फॉन्ट फाइलच्या आतच बसवून (एम्बेड करून). दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि एक डिस्क घरी, वरच्या मजल्यावर. निदान पान जसंच्या तसं राहील. पेजमेकरचा विकास अडोबीने २००४ मध्येच थांबवला, ते मशिन बसलं की फायली उघडायलाही फिरावं लागेल.

पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तरी खिचडीच मिळणार. त्या काळच्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवले होते. काना एका जागी, अर्धा क दुसऱ्या जागी, रफार तिसरीकडे. कॉम्प्युटरच्या लेखी तुमची कादंबरी पहिल्यापासून रोमनमध्येच आहे, मराठी फक्त आपल्या डोळ्यांना दिसत होती. त्यात प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. म्हणून हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या मराठीत बदलून देणारा कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा हवा.

कन्व्हर्टर कुठे झोपतात ते सांगतो, मी स्वतः एक करण्यात वर्षभर घालवलंय. एक म्हणजे पहिली वेलांटी. जुन्या फाइलमध्ये ती आधी आणि अक्षर नंतर, तुम्ही खिळे लावायचात तसंच. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. साध्या "कि"ला हे जमतं, "स्थिती" आली की वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. रफाराचं बरोबर उलटं. जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये र आधी येतो. आणि तिसरा आपला "दुसऱ्या"तला र. हिंदीला तो लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या कन्व्हर्टरमध्ये बहुतेकदा नसतोच. मग "दुसर्या", "वार्यावर" असली अक्षरं येतात. नेटवर अर्धी मराठी अशीच लिहिलेली दिसते, लोकांना आता ते खटकतही नाही. मला खटकतं.

कुठलाही कन्व्हर्टर घेण्याआधी त्याच्यासमोर हे शब्द टाका: कीर्ती, स्थिती, दुसऱ्या, वाऱ्यावर, ऑक्टोबर, ट्रॅक्टर, हृदय, शृंगार, वाङ्मय. नऊपैकी सात आले तर घ्या, उरलेले शोधून-बदलून होतात.

एकाच कादंबरीचं काम असेल तर ओसीआरही (पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून मजकूर काढणं) चालेल. पीडीएफचे छोटे तुकडे करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा, मराठी मजकूर निघतो. घ-ध, थ-य, ब-व यांवर डोळा ठेवा. अनुस्वारही गळतात.

पानं लावायला इनडिझाइनमध्ये, म्हणजे अडोबीच्याच नव्या सॉफ्टवेअरमध्ये, गेला नसाल तर जा. २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून देवनागरी युनिकोड नीट बसतं. फक्त परिच्छेदाच्या मेनूत जाऊन वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडायचा. मी तो न निवडता चार दिवस वेलांट्यांशी भांडलो होतो. बायको म्हणाली, "फॉन्टाला शिव्या देणारा पहिलाच माणूस बघतेय."

जुना_प्रकाशक (पुणे)

प्रकाशकाची बाजू कोणीतरी मांडायला हवी. जुळणीचे पैसे आम्ही दिले, तर फाइल आमची असं आम्ही धरून चालतो. आता खरं सांगतो: हे कुठेही लिहिलेलं नसतं. पूर्वी बटर पेपरवरचं ट्रेसिंग (ज्यावरून छपाईची प्लेट करतात ते पारदर्शक पान) आम्ही मागून घ्यायचो, कारण पुढच्या आवृत्तीला तेच लागायचं. सीडी मागायचं कोणाला सुचलंच नाही.

मजकुराचा हक्क मात्र वेगळी गोष्ट. कॉपीराइट लेखकाचा, त्यांच्यानंतर ६० वर्षं वारसांचा, त्यांनी करारात कोणाला लिहून दिला नसेल तर. तेव्हा मुलीला करार काढायला सांगा. १९९९ च्या करारात ई-बुकचं नाव निघण्याची शक्यता कमी, आणि काही वेळा करारच नसतो, एका पोस्टकार्डावर काम झालेलं असतं.

तुम्ही मध्ये पडू नका. दोघांपैकी ज्याचा हक्क ठरेल त्याचं लेखी पत्र घ्या आणि मग फाइल द्या. शोधून, बदलून देण्याचे पैसे वेगळे लावा. मी प्रकाशक असून सांगतोय, फुकट देऊ नका. आम्हाला फुकटाची सवय फार लवकर लागते.

मुद्रितं_वाचणारी (डोंबिवली)

हाळीची होळी वाचून हसले आणि मग हसू गेलं. मी २२ वर्षं मुद्रितं, म्हणजे प्रुफं तपासते आहे. पूर्वी चूक चुकीसारखी दिसायची. "घरत", "आईन" असं काही आलं की डोळा आपोआप अडखळायचा. आता होळी, पाचशे, खेळ, सगळे कोशातले सरळ शब्द. डोळा घसरून पुढे जातो. त्यामुळे एकेक वाक्य अर्थ लावत वाचावं लागतं आणि माझा वेग निम्म्यावर आलाय.

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाची कथा आली होती. मंगळवेढ्याची आजी दारात उभी राहून नातवाला विचारते, "तू आता कुठे निघाला आहेस?" लेखकाला फोन केला. ते म्हणाले, अहो, मी "कुठं निगालास रं" लिहिलं होतं, एआयकडून फक्त शुद्धलेखन बघून घेतलं. आख्ख्या कथेत आजी बातम्या देत होती.

पैशाचं म्हणाल तर लावण्याचा दर आणि वाचण्याचा दर पावतीवर दोन वेगळ्या ओळींत लिहा. एकत्र सांगितलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं, कारण त्याला टायपिंग झालेलं दिसतं, वाचन दिसत नाही. मी डेमी पानाला ३० घेते. आणि गुरुजींना विचारा, वही आहे का. मूळ वहीशिवाय असली कामं मी आता घेतच नाही, कारण लेखकाच्या मनात काय होतं त्याचा अंदाज बांधणं हे माझं काम नव्हे.

फ्लेक्सवाला_लातूर

काका पुस्तकं सोडा, फ्लेक्स करा असं सांगणार होतो. पण आमचं पण तेच झालंय. आधी डिझाइनचे ३०० मिळायचे. आता कार्यकर्ता मोबाइलवरच बॅनर बनवून आणतो, साहेबांचा फोटो, दादांचा फोटो, खाली स्वतःचे मित्र पासपोर्ट साइजमध्ये. मला फक्त छापायचे चौरस फुटावर पैसे. लग्नपत्रिका तर व्हॉट्सॲपवरच जाते, छापतात त्या देवापुढे ठेवायला आणि भाऊबंदांना द्यायला.

एक चांगलं आहे. "शुभेच्छुक"मधला च्छ चुकला म्हणून परत येणारे अजून येतात. छापल्यावर येतात.

हिंजवडी_फेज_दोन

मी भाषेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणजे गुन्हेगारांच्या बाजूचा. बोलून टाइप करणारं यंत्र आवाजाशी जुळणारे शब्द काढतं आणि त्यातला जास्त संभवणारा निवडतं. संभव कशावरून ठरतो, तर त्याला खाऊ घातलेल्या मजकुरावरून. होळी त्यात ढिगाने असणार, हाळी क्वचित. गुरुजींनी कितीही स्वच्छ उच्चार केला तरी यंत्राचा कल होळीकडेच. पाचटाचंही तेच. उसाच्या पट्ट्यातला माणूस रोज वापरतो तो शब्द छापील मराठीत फारसा येत नाही.

अक्षरजुळणीकाका, तुम्ही वर तीन जोड्या दिल्या आहेत. पुस्तक संपेपर्यंत अशी यादी ठेवा, मूळ शब्द आणि झालेला शब्द. पुढच्या वेळी फाइल आली की आधी होळी, पाचशे, खेळ शोधायचे आणि तेवढी वाक्यं बघायची. सगळं सापडणार नाही, पण पहिला हात फिरेल. माझ्या टीममध्ये १४ जण होते, आता ९ आहेत, आणि अशी यादी करणारं कोणी उरलेलं नाही.

अक्षरजुळणी_सांगली

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, गणपतीच्या अहवालांचं काम होतं.

मावशींनी सांगितलं तसं गुरुजींना वही विचारली. निघाली! दोनशे पानी, निळ्या शाईतली. त्यावरून वाचूनच ते मोबाइलवर बोलले होते. म्हणजे वही थेट माझ्याकडे आली असती तर सगळं सरळ झालं असतं. पण नातू म्हणाला आजोबा टायपिंगचे पैसे वाचतील. गुरुजी वही आणि भडंगाचा पुडा घेऊन दुकानात आले, समोर बसून मोठ्याने वाचायला लागले आणि मी स्क्रीनवर बघत गेलो. होळीपाशी थांबवलं. ते दचकले. म्हणाले, "मी हे पान तीनदा वाचलंय." त्यांनी खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. ते स्क्रीनवरची अक्षरं वाचतच नव्हते, त्यांना थोरल्या आईची हाक ऐकू येत होती.

दरावरून थोडं झालं. "मशिनने फुकट केलं आणि तुम्ही वाचायचे तीस मागता?" मी वहीतलं एक पान आणि मोबाइलवरचं तेच पान शेजारी ठेवलं आणि लाल पेनाने खुणा करत गेलो. चौदा झाल्या. मग म्हणाले, पहिली पन्नास पानं करा, बघू. पंधरा अधिक तीस, पावतीवर दोन ओळी. यादी ठेवतोय, आत्तापर्यंत ४१ शब्द झालेत. "बेगड"चं "बिघाड" झालंय, बैलांच्या शिंगांना बिघाड लावलाय.

कादंबरीवाल्या लेखकाच्या मुलीला करार सापडला नाही. प्रकाशकांचं एक पत्र सापडलं, त्यात एका आवृत्तीच्या १,००० प्रतींचा उल्लेख आहे आणि बाकी काही नाही. ती त्यांच्याशी बोलतेय. मी फाइल दिलेली नाही, पीडीएफ मात्र काढून ठेवली. आतापर्यंत ६३ पुस्तकांच्या झाल्या. चार सीडी वाचल्याच जात नाहीत, त्यातली एक वडिलांच्या मित्राच्या कवितांची आहे, तिची छापील प्रत कोणाकडे असेल तर शोधतोय.

रफारदादा, मोफत मिळालेल्या एका कन्व्हर्टरला तुमचे नऊ शब्द दिले. पाच आले. "वाऱ्यावर" गेला, "स्थिती"ची वेलांटी त वर जाऊन बसली, "वाङ्मय" तर ओळखूच येत नाही. तुम्ही वर्षभर खपून जो केलाय तो माझ्या फॉन्टला चालेल का? फॉन्टचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पैसे सांगा, फुकट नको.