सेकंडहँड स्पिटफायरचं पहिलं उड्डाण – सीजीसाठी (गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो बिंदू) मदत हवी आहे

मंडळी, रिमोटचं फोमचं स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल) सेकंडहँड घेतलंय. मॅन्युअल नाही. डाव्या एलेरॉनचं (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) बिजागर सुटलं होतं, ते चिकटवलं. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन वर, डावं खाली. म्हणजे दिशा बरोबर. अडलंय सीजीवर. पंखाखाली पुढच्या कडेपासून ७ सेंमीवर दोन बोटांनी तोललं की शेपूट खाली जाते, बॅटरी अगदी पुढे सरकवली तरी. शेपूट जड असलेलं विमान सांभाळणं अवघड, म्हणून घाई करत नाहीये. पंख लंबवर्तुळाकार, मग सीजीसाठी पंखाच्या रुंदीच्या २५ टक्क्यांची खूण कुठून मोजायची? नाकात शिसं भरू, की मोठी थ्री सेल बॅटरी लावू?

अमळनेरजवळ कपाशी उपटलेलं रान मिळालंय, पण नुसती ढेकळं. स्पिटफायरची चाकं मुळातच जवळजवळ, उलटायची भीती वाटते. चाकं काढून हातानं सोडू का? जळगाव-धुळ्याकडचं कुणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.