सोसायटी ग्रुप : तिसऱ्या मॉनिटरपायी नवं मशीन?

मीनल, बी-३०२ (सकाळी ९:०५)
नमस्कार मंडळी. कॉम्प्युटरमधलं कोणाला कळतं का? माझा डेस्कटॉप २०१६ चा. आय-फाइव्ह, सहावी जनरेशन, ८ जीबी रॅम. दोन मॉनिटर आहेत, तिसरा लावायचाय. एकावर टॅली, दुसऱ्यावर जीएसटी पोर्टल, आणि पार्टीचं बँक स्टेटमेंट बघायला दर वेळी काहीतरी मिनिमाइझ करा. जीएसटी रिटर्नची ११ तारीख जवळ आली की डोकं फिरतं. मडगावचा एक दुकानदार म्हणतो, हे जुनं मशीन तीन स्क्रीन ओढणार नाही, नवंच घ्या. ५८ हजार सांगितलेत. घेऊ का?

सुहास काका, ए-१०१ (९:११)
एका माणसाला दोन डोळे. तीन स्क्रीन कशाला गो?

निखिल, सी-१०२ (९:१४)
ताई नवीनच घ्या. दहा वर्षांचं मशीन म्हणजे आजोबा.

सुहास काका, ए-१०१ (९:१५)
आजोबांना काय झालं?

रोहित, सी-२०४ (९:४०)
मीनलताई, थांबा, पैसे देऊ नका. मागे कोणकोणती पोर्ट आहेत? फोटो टाका.

मीनल, बी-३०२ (९:५२)
फोटो टाकला. निळं, पांढरं आणि एचडीएमआय. तिन्ही भरून बघितलं. भाचीचा मॉनिटर आणला होता. तिसऱ्यावर "नो सिग्नल". विंडोजमध्ये दोनच दिसतात.

रोहित, सी-२०४ (१०:०३)
निळं व्हीजीए, पांढरं डीव्हीआय. आता विंडोजचं बटण आणि आर दाबून एमएसइन्फो३२ लिहा. "बेसबोर्ड प्रॉडक्ट"समोर काय आहे?

मीनल, बी-३०२ (१०:०९)
एच११०एम, पुढे अजून काहीबाही.

रोहित, सी-२०४ (१०:१६)
तिथेच घोळ आहे. तुमचा प्रोसेसर तीन स्क्रीन चालवू शकतो, पण एच११० हा इंटेलचा त्या पिढीतला स्वस्त चिपसेट, म्हणजे मदरबोर्डवरची मुख्य चिप, त्यावर एका वेळी दोनच चालतात. पोर्ट तीन दिली ती सोयीसाठी, ज्याच्याकडे जी केबल असेल ती लावावी म्हणून. बी१५० बोर्ड असता तर तिसराही चालू शकला असता. म्हणजे दुकानदार अगदीच खोटं बोलला नाही, पण उपाय ५८ हजारांचा नाही. एक छोटं ग्राफिक्स कार्ड बसवलं की झालं.

शैला काकी, बी-१०१ (१०:१८)
पोदेर, पाववाला, आज आलाच नाही का? की मलाच हॉर्न ऐकू आला नाही?

निखिल, सी-१०२ (१०:२०)
येऊन गेला काकी, साडेसहाला.

सचिव, ए-२०३ (१०:२५)
कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय घ्यावेत. टाकी साफ करण्याबद्दलचा मेसेज वर गेला.

सचिव, ए-२०३ (१०:२६)
तरी विचारतो, एचडीएमआयचा एक स्प्लिटर मिळतो, एकाचे दोन होतात. तो नाही का चालणार?

रोहित, सी-२०४ (१०:३१)
नाही काका. त्याने दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र येतं. लग्नाच्या हॉलमध्ये दोन टीव्ही लावतात ना, तसं. मी स्वतः एकदा त्यात पैसे घालवलेत. यूएसबीला लावायचं अडॅप्टर येतं, त्याने वेगळी स्क्रीन मिळते, पण चित्र दाबून पाठवायचं काम प्रोसेसरवर पडतं. पीडीएफ वाचायला ठीक, व्हिडिओ लावला की अडखळतं. डेस्कटॉपमध्ये जागा असताना मी त्या वाटेला जाणार नाही.

निखिल, सी-१०२ (१०:३८)
माझ्या कपाटात जुनं जीटी १०३० कार्ड पडलंय. घेऊन जा, ताई.

मीनल, बी-३०२ (१०:४०)
खरंच? पण माझ्या मशीनला झेपेल? करंट जास्त लागेल ना?

रोहित, सी-२०४ (१०:५२)
३० वॉटचं कार्ड आहे, वेगळी वायर लागत नाही. स्लॉटमधूनच ७५ वॉटपर्यंत मिळतात. फक्त त्याच्यावर दोनच पोर्ट आहेत आणि व्हीजीए नाही. म्हणून दोन मॉनिटर कार्डावर आणि जुना व्हीजीएवाला बोर्डावरच ठेवायचा. कोणी जीटी ७१० कार्ड विकायला आलं तर घेऊ नका, त्याचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, २०२१ मध्येच थांबले.

सुहास काका, ए-१०१ (१०:५५)
आणि टेबल? तुझं टेबल मी बघितलंय. चार फुटी आहे.

मीनल, बी-३०२ (११:१०)
काका, बरोबर पकडलंत. टेप लावली. २४ इंची मॉनिटर एक ५४ सेंटिमीटर भरतो. तीन म्हणजे १६२, टेबल १२२.

रोहित, सी-२०४ (११:१४)
एक उभा करा. स्टँड फिरणारा असेल तर उभ्याला ३३च्या आसपास लागतात. बँक स्टेटमेंटचं पान त्यावर पूर्ण मावतं. बाकीचे दोन जरा तिरके लावा, माझ्याकडे तसंच आहे.

मीनल, बी-३०२ (११:१७)
आणि चालू व्हायला सहा मिनिटं लागतात, त्याचं काय? तेवढ्यात माझा चहा होऊन कप धुऊन होतो.

रोहित, सी-२०४ (११:२६)
त्याचा स्क्रीनशी संबंध नाही, ती तुमची जुनी फिरती हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा, त्याच दिवशी फरक कळेल. नव्या मशीनला खरं कारण एकच आहे, विंडोज १०. त्याची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, इंटेलमध्ये आठव्या जनरेशनपासून पुढचे लागतात. तुमच्याकडे लोकांचे पॅन आणि बँकेचे कागद असतात, तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नका. जादा वर्षाच्या अपडेटची नोंदणी केलीय का?

मीनल, बी-३०२ (११:२९)
केलीय. ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

रोहित, सी-२०४ (११:३३)
मग तोवर मशीन बदललंच पाहिजे, पण घाईत नको. आता पैसा चांगल्या मॉनिटरवर घाला. मशीन बदललं तरी तो राहतो, एसएसडीसुद्धा काढून नव्यात लावता येते. नवं घेताना मागे किती पोर्ट आहेत हे न विचारता "किती स्क्रीन एकदम चालतात" हे विचारा.

निखिल, सी-१०२ (११:३५)
म्हणजे शेवटी नवंच. मी तेच म्हणत होतो.

रोहित, सी-२०४ (११:३६)
तू आज म्हणत होतास.

मीनल, बी-३०२ (संध्याकाळी ६:४८)
रोहित आणि निखिल आलेत. मागच्या पट्टीचा स्क्रू गंजून घट्ट बसलाय, पाना फिरत नाही. चार पावसाळे उघडलंच नव्हतं.

शैला काकी, बी-१०१ (६:५०)
थोडं खोबरेल सोड.

रोहित, सी-२०४ (६:५१)
काकी, आत खोबरेल नको!

मीनल, बी-३०२ (७:२०)
स्क्रू निघाला. रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर होता, निखिलने खोडरबरने पुसला. कार्ड बसलं, दोन स्क्रीन आल्या, तिसरी परत काळी.

रोहित, सी-२०४ (७:४१)
मंडळी, मीनलताईंकडून सांगतो. कार्ड लावलं की बरेच बोर्ड स्वतःची पोर्ट बंद करून टाकतात. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये गेलो, "आयजीपीयू मल्टी-मॉनिटर" (आयजीपीयू म्हणजे प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स) सुरू केलं. आली तिसरी.

सुहास काका, ए-१०१ (७:४५)
लाइट गेली की तिन्ही एकदम जाणार.

मीनल, बी-३०२ (७:४९)
यूपीएस ६०० व्हीएचा आहे काका. एक मॉनिटर पंचवीसेक वॉटचा. रिटर्न सेव्ह करून बंद करण्यापुरतं पुरेल, रोहितने हिशोब केला.

मीनल, बी-३०२ (रात्री ९:१५)
रोहित, माउस उजवीकडे नेला की डावीकडच्या स्क्रीनवर निघतो. वेडी व्हायची पाळी आलीय.

रोहित, सी-२०४ (९:१८)
डिस्प्ले सेटिंगमध्ये १, २, ३ चे चौकोन दिसतील. टेबलावर जसे ठेवलेत तसे ओढून लावा. उभ्याला "पोर्ट्रेट" करा.

मीनल, बी-३०२ (९:२४)
लागलं! देव बरें करूं. निखिल, उद्या ये, पातोळ्या करतेय.

निखिल, सी-१०२ (९:२५)
किती?

सचिव, ए-२०३ (९:३०)
टाकी उद्या सकाळी दहा ते एक. पाणी भरून ठेवा. आणि रोहित, माझ्या लॅपटॉपला दुसरी स्क्रीन लागेल का, जरा वेळ मिळेल तेव्हा बघ.